कुणी पाठवलं तुम्हाला? कॅनडातली मुलं आणि जिनिव्हाचं टेबल

मागे आवाज पोचतोय ना? बरं, सुरुवात करू या.

आज ज्या मुलामुलींबद्दल बोलायचं आहे त्यांना मताचा अधिकार नव्हता. पण जागतिक परिषदांत जाऊन ती आपल्या वयाच्या इतरांच्या वतीने बोलली. उदाहरणं सगळी कॅनडातली घेतो आहे, त्याला कारण आहे. १९९० साली न्यूयॉर्कला बालकांसाठी जागतिक शिखर परिषद भरली, तिच्या दोन अध्यक्षांपैकी एक कॅनडाचे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी होते. बालहक्क संहितेला कॅनडाने डिसेंबर १९९१ मध्ये मान्यता दिली, आपण बरोबर वर्षभराने. म्हणजे बालहक्कांच्या पंक्तीत हा देश पहिल्या पाटावर बसलेला. आणि तरीही तिथल्याच मुलांना आपल्याच सरकारचं गाऱ्हाणं घेऊन जिनिव्हाला जावं लागलं.

आधी कायद्याचं थोडं. या संहितेचं बारावं कलम असं सांगतं की, मुलाला स्वतःचं मत बनवता येत असेल तर त्याच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत ते मांडण्याचा त्याला हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. वाक्य नीट बघा. ‘ऐकून घ्या’ एवढ्यावर ते थांबत नाही. वजन द्या म्हणतं. सगळी भांडणं या ‘वजन’ शब्दापाशी सुरू होतात.

१९९२ च्या रिओ परिषदेतली व्हँकुव्हरची सेव्हर्न कलिस-सुझुकी तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. बारा वर्षांची मुलगी, सहा-सात मिनिटांचं भाषण; मैत्रिणींबरोबर छोटी संघटना काढून, पैसे स्वतः जमवून ती तिथे गेली होती. भाषण आजही फिरतं. पण मला त्यात एक गोष्ट खटकते, आणि ती त्या मुलीबद्दल नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांनी ते भाषण शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं ऐकलं. काय गोड बोलली पोर! कोणत्या सरकारने नेमकं काय करायचं होतं, हा प्रश्न त्या टाळ्यांत विरून गेला.

याच्या अगदी उलट गोष्ट अट्टावापिस्कॅटची. ती मी सविस्तर सांगणार आहे.

अट्टावापिस्कॅट हे ओंटारिओ प्रांताच्या उत्तरेला, जेम्स उपसागराच्या पश्चिम किनाऱ्याजवळचं क्री आदिवासींचं गाव. तिथे बारमाही रस्ता नाही. एरवी विमान, आणि हिवाळ्यात सगळं गोठलं की बर्फावरून आखलेली तात्पुरती वाट. गावातल्या प्राथमिक शाळेखाली १९७९ साली डिझेलची नळी फुटली आणि हजारो लिटर तेल जमिनीत मुरलं. वर्षानुवर्षं मुलांना आणि शिक्षकांना डोकेदुखी, मळमळ. शेवटी २००० साली शाळा बंद करावी लागली. मुलांना त्याच आवारालगत तात्पुरत्या खोल्यांमध्ये बसवलं, पत्र्याच्या डब्यासारख्या. नवी शाळा मिळेल असं आश्वासन एकामागून एका मंत्र्याने दिलं.

इथे एक गुंता समजून घ्या. टोरांटोतल्या मुलाची शाळा प्रांत सरकारच्या अखत्यारीत येते. राखीव क्षेत्रातल्या आदिवासी मुलाच्या शाळेचा पैसा केंद्राकडून, ओटावाहून येतो. म्हणजे एकाच प्रांतातली दोन मुलं, पण दोघांचे मायबाप सरकार वेगळे. केंद्राने हात वर केले तर दुसरं दार ठोठवायला नाही. (या समाजातल्या माणसांना केंद्रीय निवडणुकीत विनाअट मतदान करता येऊ लागलं तेच मुळी १९६० साली. म्हणजे आजोबांच्या पिढीलासुद्धा हे दार नवीनच.)

२००८ मध्ये सरकारने कळवलं की नवी शाळा आत्ता होणार नाही. तेव्हा आठवीच्या वर्गाने ठरवलं, सहलीचे पैसे सहलीला खर्च करायचे नाहीत, ओटावाला जायचं. त्यांच्यात शॅनन कूस्टाचिन नावाची मुलगी होती. मंत्री चक स्ट्राल यांनी मुलांना आपल्या कार्यालयात भेट दिली आणि पैसे नाहीत असं सांगितलं. कार्यालय कसं वाटलं, असं त्यांनी विचारल्यावर शॅनन म्हणाली, माझा वर्ग इतका चांगला असता तर बरं झालं असतं, असं त्या भेटीबद्दल सांगितलं जातं.

पुढे हायस्कूल शिकायला शॅननला घर सोडून शेकडो किलोमीटर दूर राहावं लागलं. २०१० मध्ये मोटार अपघातात ती गेली. स्वतःसाठी बांधलेल्या चांगल्या शाळेत ती एक दिवसही बसली नाही. तिच्या मागे मुलांनीच ‘शॅननचं स्वप्न’ ही मोहीम उचलली. देशभरच्या शाळांतून, आदिवासी आणि बिगरआदिवासी, सरकारला पत्रं जाऊ लागली.

आता जिनिव्हा. बालहक्क समितीत अठरा तज्ज्ञ असतात. प्रत्येक देशाने साधारण दर पाच वर्षांनी आपला अहवाल द्यायचा. सरकार स्वतःबद्दल काय लिहिणार, हे तुम्हा-आम्हाला माहीतच आहे! म्हणून समिती ‘पर्यायी अहवाल’ही घेते, संस्था, कार्यकर्ते, मुलंही तो देऊ शकतात. मग सरकारी शिष्टमंडळाच्या तपासणीआधी काही महिने एक बंद दाराआडची बैठक होते. तिथे सरकार नसतं, पत्रकार नसतात. त्या बैठकीतून निघालेले प्रश्न समिती लेखी सरकारला पाठवते. म्हणजे मुलांचं म्हणणं टाळ्यांसाठी राहत नाही, ते प्रश्नपत्रिकेत शिरतं. रिओत नेमकं हेच नव्हतं.

२०११ मध्ये सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेने मुलांच्या पत्रांसह असा अहवाल समितीकडे दिला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सहा आदिवासी तरुण प्रतिनिधी जिनिव्हाला जाऊन समितीला भेटले. त्याच महिन्याच्या अखेरीस, २७ तारखेला, कॅनडाच्या संसदेने आदिवासी मुलांच्या शिक्षणाबद्दलचा ठराव एकमताने संमत केला. जिनिव्हामुळेच ठराव झाला असं मी म्हणणार नाही. त्यामागे चार वर्षांची पत्रं होती. पण देशातला दाब आणि बाहेरचा दाब एकाच वेळी आला, हे खरं. अट्टावापिस्कॅटची नवी शाळा २०१४ साली उघडली. आठवीतली ती मुलं तोवर विशीत आली होती.

या सहा जणांना ‘कुणी पाठवलं तुम्हाला?’ असं विचारलं असतं तर त्यांच्याकडे पत्रांचा गठ्ठा होता. प्रातिनिधिकपणा म्हणतात तो हा. नाहीतर होतं काय, इंग्रजी चांगलं, पासपोर्ट तयार, वडिलांना तिकीट परवडतं, म्हणून एखादा मुलगा ‘युवा आवाज’ ठरतो. जी-२० च्या युवा बैठका २०२३ साली आपल्याकडेही झाल्या, वाराणसीला शिखर बैठक झाली. तिथल्या प्रतिनिधींनाही हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

दुसरा प्रसंग जरा तिखट. डिसेंबर २०११, डर्बनची हवामान परिषद. कॅनडाचे पर्यावरणमंत्री पीटर केंट बोलायला उभे राहिले आणि त्यांच्याच देशाच्या युवा शिष्टमंडळातले सहा जण उठून त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. सभागृहात टाळ्या पडल्या. त्यांना बाहेर काढलं गेलं, ओळखपत्रं गेली. आठवडा उलटायच्या आत केंट यांनी जाहीर केलं की कॅनडा क्योटो करारातून बाहेर पडतो आहे. निषेध करून काय मिळालं, असं कुणी विचारेल. मला वाटतं ओळखपत्राची किंमत त्यांना ठाऊक होती आणि ती मोजूनच ते उभे राहिले. पण निरीक्षक म्हणून आत बसण्याची ही मर्यादाही लक्षात ठेवा: खुर्ची मिळते, ती परिषदेच्या नियमांवर.

मॅनिटूलिन बेटावरची ऑटम पेल्टिए ही वेगळ्या वाटेने आली. २०१८ च्या जागतिक जलदिनी, तेरा वर्षांची असताना, ती संयुक्त राष्ट्रांत पाण्याबद्दल बोलली. दुसऱ्या वर्षी अनिशिनाबेक नेशनने, म्हणजे ओंटारिओतल्या चाळीसेक आदिवासी समाजांच्या संघटनेने, तिला मुख्य जल-आयुक्त नेमलं. या पदावर आधी तिच्या आजीच्या नात्यातल्या जोसेफीन मँडामिन होत्या, ज्यांनी महासरोवरांच्या किनाऱ्यांनी पायी फेऱ्या घातल्या. ऑटमच्या मागे अशी नेमणूक आहे. आणि प्रश्न तसाच आहे: नेस्कान्टागा या गावात १९९५ पासून पाणी उकळून प्या अशी सूचना लागू आहे. ऑटमच्या जन्माआधीपासून.

जाता जाता एक तांत्रिक गोष्ट. एखाद्या मुलाला स्वतःच्या नावाने थेट समितीकडे तक्रार करता यावी, असा एक वेगळा करार २०१४ पासून अमलात आहे. त्यात कॅनडा सामील झालेला नाही, भारतही नाही. त्यामुळे अट्टावापिस्कॅटसारख्या गावातल्या मुलाला आजही देशाच्या अहवालाची पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या वेळी कुणीतरी त्याचं पत्र जिनिव्हापर्यंत न्यावं लागतं.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.