उत्तान

ध्रुवाचं आख्यान लावलं की कीर्तनकार त्याच्या बापाचं नाव खणखणीत आवाजात घेतो: उत्तानपाद. समोरच्या बायाबापड्यांत कुणी लाजत नाही. संस्कृतात उत्तान म्हणजे उताणा, वर तोंड करून पसरलेला. मराठीत मात्र हा शब्द लाज सोडलेल्या शृंगाराला चिकटला, त्यातही बाईच्या नाचाला.

बारामतीत या शब्दाचा माग काढायचा तर कवी मोरोपंतांपाशी जावं लागतं. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने पंत इथे राहिले, १७९४ मध्ये इथेच वारले. सोलापूरचा राम जोशी संस्कृत शिकलेला ब्राह्मण. तमाशाच्या फडात रमला आणि घरच्यांना नकोसा झाला. आख्यायिका अशी, की पंतांनी त्याची कवनं ऐकली, बुद्धीला दाद दिली आणि कीर्तनाकडे वळायला सांगितलं. पुढे जोशीबुवा पंतांच्याच आर्या कीर्तनात गाऊ लागले. गळा तोच, प्रतिभा तीच. तमाशाचा बोर्ड सोडून बुवा देवळात उभे राहिले एवढंच. (त्यांच्या लावण्या मात्र लोकांनी टाकल्या नाहीत, हे बरं झालं.)

१९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी' पडद्यावर आला. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गदिमांची गाणी; पांढरपेशांनीही तो डोक्यावर घेतला. त्याच सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली, पण वग-लावण्या आधी तपासून घेण्याच्या अटीवर. पडद्यावरची लावणी कला ठरली, कनातीतली उत्तान.

इंदापूरकडच्या मुलखाने ही फोड कधी फारशी मनावर घेतली नाही. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीच्या रिंगणाला लोटणारी माणसंच गावच्या जत्रेत रात्री तमाशाची बारी बघतात आणि सकाळी त्याच्या हजेरीच्या खेळालाही बसतात.

कायद्याला 'उत्तान' पुरला नाही. २००५ मध्ये डान्सबार बंद करताना आणि २०१६ च्या नव्या कायद्यात भाषा आली ती 'अश्लील' नृत्याची आणि महिलांच्या प्रतिष्ठेची. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या बऱ्याच जाचक अटी उडवल्या. वर्तमानपत्रांतून आणि सिनेमाच्या परीक्षणांतून 'उत्तान' अजून भेटतो: उत्तान दृश्य, उत्तान हावभाव. प्रेक्षकाला मात्र तो लावलेला माझ्या वाचनात नाही. पहिल्या रांगेत बसून फेटा उडवणाऱ्याला रसिक म्हणतात, फार झालं तर आंबटशौकीन.