पाय जड होतात तेव्हा

शकूची (नाव बदललं आहे) आणि माझी ओळख बारा वर्षांची. नवरा गेल्यावर तिला एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा एआरटी केंद्रात तिच्याबरोबर मीच गेले होते. तेव्हापासून तिने एक दिवस गोळी चुकवली नाही. शिवणकाम करून मुलीला शिकवलं. सीडीफोरचा आकडा चांगला आला की हमखास फोन करायची, "ताई, पास झाले हो!"

दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या बैठकीला ती येईनाशी झाली. विचारलं तर म्हणे, "पाय जड पडतात, वय झालं आता." अडतिसाव्या वर्षी कसलं वय! शेवटी घरीच गेले. बघते तर बाई भिंत धरून चालत होती. शिलाई मशीनचं पायडल मारताना पाय ताठ व्हायचे. मुलगी बाहेर गेल्याचं बघून हळूच म्हणाली, "ताई, लघवी धरवत नाही. बाहेर कशी पडू? आणि डॉक्टरांना कसं सांगू?"

अहवाल चांगले, वजन चांगलं. त्यामुळे पायांबद्दल विचारायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मोठ्या शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. मणक्याचा टीबी आहे का, बी-१२ कमी आहे का, सगळं तपासलं. एमआरआय झाला. मग त्यांनी रक्ताची आणखी एक तपासणी सांगितली आणि नवंच नाव कानावर पडलं, एचटीएलव्ही-१.

हा विषाणू एचआयव्हीच्याच कुळातला. एचआयव्ही सापडला १९८३ मध्ये, हा त्याच्याही आधी, १९८० मध्ये. पसरतो तसाच, म्हणजे शरीरसंबंधातून, रक्तातून आणि आईच्या दुधातून. जपानचा नैर्ऋत्य भाग, कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलमध्ये तो जास्त. आपल्याकडे कमी आढळतो. आपल्या रक्तपेढ्यांत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरिया यांची तपासणी सक्तीची आहे, याची नाही.

हा विषाणू असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही. पण थोड्या जणांच्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज येते. पाय ताठरतात, कंबर दुखते, लघवीवरचा ताबा जातो, बद्धकोष्ठ होतं. १९८५ मध्ये मार्टिनिक बेटावर आणि १९८६ मध्ये जपानमध्ये डॉक्टरांनी या दुखण्याचा विषाणूशी संबंध जोडला. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतं.

दोन्ही विषाणू एकाच शरीरात असले, तर मज्जारज्जूचा आणि हातापायांच्या नसांचा त्रास जास्त जणांत दिसतो. त्यात एक फसवणूकही आहे. एचआयव्ही सीडीफोर पेशी मारतो, तर एचटीएलव्ही-१ त्या वाढवतो. त्यामुळे आकडा चांगला दिसतो, पण प्रतिकारशक्ती तेवढी चांगली असेलच असं नाही. आमची शकू 'पास' होत होती ती अशी!

एआरटीच्या गोळ्या या दुसऱ्या विषाणूला आवरत नाहीत. तो शरीरातून घालवणारं औषधही नाही. पण म्हणून काहीच करता येत नाही, असं नाही. ताठरपणा कमी करायच्या गोळ्या, रोजचा व्यायाम आणि नळीने लघवी काढायचं तंत्र यावर शकू पुन्हा उभी राहिली. मशीनला मोटर बसवून घेतली. काठी घेऊन चालते, पण चालते. एचआयव्हीची गोळी तर चालूच.

तिला खरा घोर होता मुलीचा. तिला दीड वर्ष अंगावर पाजलं होतं. एचआयव्हीच्या तपासणीत मुलगी तेव्हाच निगेटिव्ह आली होती. आता या दुसऱ्याचीही तपासणी केली. तीही निगेटिव्ह आली, तेव्हा इतक्या वर्षांत मी शकूला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

मैत्रिणींनो, पाय दुखले की प्रत्येक वेळी हाच आजार असतो असं मुळीच नाही. नसांच्या त्रासाची कारणं अनेक, आणि त्यातली कित्येक औषधाने बरी होतात. पण त्यासाठी आधी सांगायला तर हवं! चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटते, लघवी धरवत नाही, हे लाजून लपवायचं दुखणं नाही. तपासणीला गेलात की आकडा विचाराच, पण पायांचंही सांगा. आणि गटातली एखादी येईनाशी झाली, तर तिच्या घरी जा. मी दोन वर्षं उशिरा गेले.