शिष्यवृत्ती कशावर टिकते?

जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली म्हणजे ती पदवीपर्यंत विनासायास चालू राहते, हा समज सर्वस्वी निराधार होय. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर नूतनीकरणाचा अर्ज दरसाल करावाच लागतो. अनुसूचित जातींसाठीच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत 75 टक्के हजेरी अनिवार्य असून, प्रथम अनुत्तीर्ण झाल्यास परीक्षा शुल्क व निर्वाहभत्ता तेवढा मिळतो, परंतु त्याच वर्गात दुसऱ्यांदा अपयश आल्यास वरच्या वर्गात जाईपर्यंत तोही थांबतो. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत मागील सत्राची निदान 50 टक्के हजेरी, प्रत्येक परीक्षेस बसणे आणि अभ्यासक्रमात दोन वर्षांचा खंड नसणे, हे पाहिले जाते. कापूसवेचणीच्या हंगामात, चोपडा-शिरपूरकडील शेतकऱ्याच्या घरी महाविद्यालयात जाणारे हातही शेतावर हवे असतात तेव्हा, हजेरीचीच अट सर्वांत जाचक ठरते. तीत हंगामापुरती सवलत देण्याची तजवीज सरकारने करावयास हवी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.