दोऱ्यावर तोललेला अधिपती

संपादकांनी मेंदूवर लिहिण्याची कामगिरी सोपवली, तेव्हा चार ग्रंथ चाळून मी निघालो. परंतु मुंबईतील एका जुन्या रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात एका साध्या बादलीपाशी माझे पाय जे खिळले, ते दिवस कलेपर्यंत हलले नाहीत.

बादलीत 10 टक्के फॉर्मलिन होते, आणि तिच्या काठांवर आडव्या ठेवलेल्या काठीला बांधलेल्या दोऱ्यावर एक मानवी मेंदू उलटा लोंबकळत होता. विभागातील सारे ज्यांना ‘मामा’ म्हणतात त्या वृद्ध सेवकांनी हा दोरा बांधला होता. “ताजा मेंदू लई मऊ असतो, साहेब. तळाला टेकला की चपटा होतो. मग डॉक्टरांनी त्यात बघायचं काय?” मेंदूच्या तळाशी मधोमध जाणाऱ्या बॅसिलर धमनीखालून ते दोरा अलगद ओवतात, आणि दोन-तीन आठवड्यांत मेंदू चिरण्याजोगा घट्ट होतो. ज्या धमनीने मस्तिष्कस्तंभाला हयातभर रक्त पुरवले, तीच मरणोत्तर साऱ्या मेंदूचा भार सांभाळते, हे पाहून मी स्तिमित झालो.

हयातीतही या अधिपतीला स्वतःचे वजन पेलवत नाही. कवटीत तो ज्या मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगतो तो द्रव उणापुरा 150 मिलिलिटर. पण त्याच्या आधाराने सुमारे 1400 ग्रॅमचा मेंदू जेमतेम 50 ग्रॅमचा होऊन राहतो. आणि अशा या परावलंबी अवयवाचा अंमल केवढा! सुमारे 8,600 कोटी चेतापेशी, मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्या, मज्जारज्जूपासून निघणाऱ्या 31. देहाच्या वजनाचा अवघा पन्नासावा हिस्सा असूनही विश्रांतीच्या वेळी प्राणवायूचा पाचवा हिस्सा याच्याच खर्ची पडतो. उजव्या मेंदूचा हुकूम मस्तिष्कस्तंभाच्या तळाशी बाजू ओलांडून डाव्या हाताला पोहोचतो. मात्र पायाला काटा रुतला, तर पाय मागे घेण्याचे फर्मान मोठ्या मेंदूच्या मंजुरीवाचून मज्जारज्जूतूनच सुटते. वेदनेची वर्दी वर मागाहून लागते.

पूर्वी या भिंतीशी बादल्यांची रांग असे. आज एकच आहे. स्कॅनने आजाराचे निदान आधीच सांगितलेले असते, शोकाकुल आप्तांपाशी शवविच्छेदनाची परवानगी मागताना डॉक्टरांची जीभ अडखळते, आणि आप्तांनी नकार दिला तर त्यांना बोल लावणे माणुसकीचे नव्हे. तरीही ही रिकामी भिंत मला अस्वस्थ करते. पॅरिसमध्ये 1861 साली, ‘टॅन’ या उच्चारापलीकडे ज्याला बहुधा काही बोलता येत नसे अशा रुग्णाच्या मृत्यूनंतर, पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, आणि डाव्या पुढच्या भागातील क्षतीवरून वाचेचे स्थान दाखवून दिले. तो मेंदू त्यांनी न चिरता जतन केला. म्हणूनच त्याचे स्कॅन काढता आले, आणि क्षती ब्रोकांनी पाहिली त्याहून पुष्कळ खोलवर गेल्याचे 2007 साली प्रसिद्ध झाले. नव्या यंत्रालाही वाचण्यासाठी कोणीतरी जपून ठेवलेला जुना मेंदूच लागला.

मामा येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतील. त्यांच्या हाताखाली दिलेला तरुण मन लावून शिकतो. पण वर्षभरात ही गाठ त्याने स्वतः दोनदाच मारली आहे. “दोरा ओढायचा नाही, नुसता आधार द्यायचा,” असे मामा त्याला सांगत होते, आणि तो आपल्या बोटाभोवती दोरा गुंडाळून ते अंतर पुनःपुन्हा अजमावत होता.