गेटर नुसता वाचतो?

जावाच्या स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कच्या ७ व्या आवृत्तीवर गेल्यावर फॉर्म नीट भरून पाठवला तरी ॲक्शनमध्ये सगळी मूल्ये नल दिसतात, ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. पान कोसळत नाही, कोड तर कालचाच असतो. या आवृत्तीपासून विनंतीतला पॅरामीटर आत यायचा असेल, तर संबंधित मेथडवर स्ट्रट्सपॅरामीटर हे ॲनोटेशन असावेच लागते. ६.४ मध्ये ते आले तेव्हा ऐच्छिक होते, म्हणून अनेकांनी तिकडे पाहिलेच नाही.

सर्वांत चिवट गैरसमज गेटरबद्दलचा. लिहिण्याचे काम सेटरचे, गेटर नुसता वाचतो, मग त्याला परवानगी कशाला? साध्या पॅरामीटरपुरते हे बरोबर आहे. ‘मोबाइल’ आला की सेटमोबाइल चालते आणि ॲनोटेशनही तिच्यावरच हवे. पण ‘यूजर.ॲड्रेस.सिटी’ आले की ओजीएनएल ही स्ट्रट्समधली एक्स्प्रेशन भाषा आधी गेटयूजर बोलावते, मिळालेल्या ऑब्जेक्टवर गेटॲड्रेस, आणि अगदी शेवटी सेटसिटी. यूजर आधीच तयार असेल, तर ॲक्शनमधल्या सेटयूजरला कोणी विचारतही नाही. म्हणून ॲनोटेशन गेटयूजरवर लागते आणि नावात दोन टिंबे असल्यामुळे त्यात डेप्थ २ लिहावी लागते. यादीतल्या घटकाचा चौकटी कंसही एक पायरी धरला जातो. सेटयूजरवर ॲनोटेशन लावून ‘चालत नाही’ म्हणणारे बहुधा इथेच अडकलेले असतात.

गेटरची खरी भीती मात्र आपण न लिहिलेल्या गेटरची. जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला गेटक्लास जन्मतःच मिळतो. २०१४ मध्ये स्ट्रट्समध्ये ‘क्लास’ नावाच्या पॅरामीटरवरून बाहेरच्या माणसाला थेट क्लासलोडरपर्यंत पोचता येत होते. स्प्रिंग या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कने अशी वाट २०१० मध्येच नको ती नावे अडवून बुजवली होती. पुढे जावा ९ ने क्लासला गेटमॉड्यूल दिले आणि ‘क्लास.मॉड्यूल.क्लासलोडर’ असा वळसा घालून पुन्हा तिथेच जाता येऊ लागले. मार्च २०२२ मध्ये गाजलेले स्प्रिंग४शेल ते हेच. नको त्या नावांची यादी कितीही काळजीने केली, तरी भाषेत नवी मेथड आली की ती अपुरी पडते. ॲनोटेशन उलट बाजूने जाते: ज्याला परवानगी दिली तेवढेच आत. म्हणूनच शोधा-बदला करून सगळीकडे डेप्थ ५ चिकटवणे मला निव्वळ आळस वाटतो. तसे केले की ॲनोटेशन असून नसल्यासारखेच.

‘फॉर्ममध्ये तो रकानाच नाही, मग मूल्य येईल कुठून?’ असेही विचारतात. फॉर्म ब्राउझरपुरता; विनंती कोणालाही हाताने रचता येते. मार्च २०१२ मध्ये गिटहबवर एका वापरकर्त्याने असाच जादा पॅरामीटर पाठवून स्वतःची की रेल्स प्रकल्पाच्या खात्याला जोडून दाखवली होती. भाषा रुबी, पण खोड तीच.

ॲनोटेशन लावले म्हणजे मूल्य तपासले गेले, असेही नाही. वय उणे चाळीस आले तरी ते आत येईल. तपासणी वेगळीच लिहायची. उलट, जेएसपीत नुसते दाखवण्यासाठी ठेवलेल्या गेटरला ॲनोटेशन नको, लावूही नये.

एक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचे उदाहरणही इथे सर्रास दिले जाते, पण ते गैरलागू आहे. २०१७ मध्ये सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली ती स्ट्रट्समधूनच, पण ती फट फाइल अपलोड हाताळणाऱ्या पार्सरमध्ये होती आणि हल्ला कंटेंट-टाइप या हेडरमधून झाला. गेटर-सेटरवर कितीही ॲनोटेशने असती तरी तो अडला नसता. तिथे हवा होता पॅच, जो मार्चमध्येच उपलब्ध झाला होता.

जुना प्रकल्प मोठा असेल, तर ट्रान्झिशन मोड चालू करता येतो. त्यात साधे सेटर तूर्त ॲनोटेशनशिवाय चालतात, टिंब किंवा कंस असलेल्या नावांना मात्र गेटरवर परवानगी लागतेच. सुरुवात त्या गेटरांपासून करावी.