हॉटेलात राहणारे टायर

नॉर्वेमध्ये टायरांची हॉटेलं असतात. थट्टा नाही, खरंच. थंडी तोंडावर आली की ओस्लो, बर्गन, ट्रॉन्डहाइम अशा शहरांतली माणसं गाडी घेऊन तिथे जातात. चारही उन्हाळी टायर उतरवतात, हिवाळी टायर चढवतात आणि उतरवलेले तिथेच ठेवून, भाडं भरून घरी येतात. मग ते टायर नावाची चिठ्ठी लावून घेऊन मांडणीवर ईस्टरपर्यंत आराम करतात. (सकाळचा नाश्ता मिळतो का, ते मला विचारू नका.)

आपल्याकडे टायर बदलायचा तो पार गोटा झाल्यावर, किंवा पंक्चरवाल्याने "यात आता काही राम नाही, साहेब" असं सांगितल्यावर. चांगले धडधाकट टायर वर्षातून दोनदा काढायचे आणि घालायचे, हा काय उद्योग? बरं, नॉर्वेतल्या गाड्या काही जुन्यापुराण्या नसतात. २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या दर १० नव्या गाड्यांपैकी जवळजवळ ९ विजेवर चालणाऱ्या होत्या. कॅमेरे, संगणक, बोलणारे पडदे, सगळा थाट! आणि अशी गाडी नोव्हेंबरात येऊन अडते कुठे, तर रबरापाशी.

कारण सोपं आहे. एवढी मोठी गाडी रस्त्याला टेकते किती? एका टायरचा जेमतेम मोठ्या माणसाच्या तळहाताएवढा भाग. म्हणजे दोन टनांची गाडी आणि चार तळहात! पळणं, वळणं, थांबणं, जे काही करायचं ते एवढ्याशा जागेतून. तिथलं रबर रुसलं की आतला संगणक कितीही हुशार असला तरी त्याचं कोण ऐकतंय?

आणि थंडीत रबर रुसतं. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं. डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल थिजलेलं तुम्ही पाहिलं असेल. तसंच काहीसं, असं म्हणायचा मोह होतो. पण गंमत म्हणजे हे तसं नाही. खोबरेल द्रव असतं, त्याचा घन होतो. रबर तर आधीपासूनच घन आहे. त्याच्या आत लांबच लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असतात आणि सारखे वळवळत असतात. रबर दाबलं की हे रेणू सरकतात, सोडलं की परत येतात, म्हणून ते मऊ लागतं. थंडी वाढली की वळवळ मंदावते. आणखी वाढली की रेणू जागच्या जागी अडकतात आणि तेच रबर टणक, ठिसूळ होऊन बसतं.

टायर मऊ असला तर फायदा काय? रस्ता वरवर सपाट दिसला तरी जवळून पाहा, नुसती खडबड असते. मऊ रबर त्या बारीक उंचवट्यांमध्ये शिरतं आणि त्यांना धरून ठेवतं. कडक रबर वरच्यावर टेकतं आणि घसरतं.

थंडीने कडक झालेलं रबर किती घात करू शकतं, हे १९८६ साली सगळ्या जगाने पाहिलं. चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं आणि ७ अंतराळवीर गेले. पुढे चौकशी चालू असताना रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञांनी काय केलं? रॉकेटच्या सांध्यात बसवतात त्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर रबर लगेच पूर्वीसारखं फुगेना. उड्डाणाच्या दिवशी सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. महागडं यंत्र नाही की काही नाही, पेलाभर गार पाणी आणि एक चिमटा. विज्ञानातले इतके सोपे आणि इतके जबरदस्त प्रयोग फार थोडे.

मग हिवाळी टायर मऊ ठेवायचा कसा? त्यात नैसर्गिक रबर जास्त घालतात. वर सिलिका असते, म्हणजे वाळू ज्या पदार्थाची बनते तोच पदार्थ, पण अतिशय बारीक केलेला. काही टायरांत रबर मऊ राहावं म्हणून सूर्यफुलाचं, सोयाबीनचं किंवा मोहरीच्या जातभाईचं तेलसुद्धा असतं. पण मला खरं नवल वाटतं ते नैसर्गिक रबराचं. ते पूर्ण टणक व्हायला उणे ७० अंशांच्या आसपासची थंडी लागते. आणि हे रबर देणारं झाड कुठलं? ॲमेझॉनच्या उष्ण, दमट जंगलातलं! त्याची लागवड केरळात होते, आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गाकडेही त्याच्या बागा आहेत. ज्या झाडाने जन्मात बर्फ पाहिला नाही, त्याचा चीक उत्तर ध्रुवाजवळच्या गाड्यांना घसरू देत नाही.

खास हिवाळ्यासाठी टायर बनवायचं डोकं पहिल्यांदा चालवलं फिनलंडने. तिथल्या नोकिया गावच्या कारखान्याने १९३४ साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला. हो, मोबाइलवालं नोकिया नाव त्याच गावाचं.

आता टायरची नक्षी बघू. हिवाळी टायरवर जाड खाचा असतातच, पण प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या शेकडो बारीक चिराही असतात. असं सांगतात, की जॉन साइप नावाचा एक अमेरिकन माणूस खाटीकखान्यात काम करायचा. तिथली फरशी सदा ओली, पाय सटासट घसरायचे. त्याने बुटाच्या रबरी तळव्याला आडव्या चिरा पाडल्या आणि घसरणं थांबलं. बुटांची गोष्ट खरी की रंगवलेली, कोण जाणे. पण अशा चिरांचं पेटंट त्याच्या नावावर १९२३ साली नोंदलं गेलं, हे पक्कं. गाडीचं वजन पडलं की चिरा किंचित उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला ओरबाडतात.

त्या जाड खाचांचं काम आणखी मजेदार आहे. त्या बर्फ साफ करायला असतील, असं आपल्याला वाटतं. उलट! ताजा भुसभुशीत बर्फ खाचेत घट्ट दाबला जातो, आणि दाबलेला बर्फ खालच्या बर्फाला रबरापेक्षाही छान धरतो. बर्फाचा गोळा वळता येतो तो याच चिकटपणामुळे. म्हणून तिथे टायरच्या खाचा बर्फाने भरलेल्या दिसल्या तर समजायचं, गडी कामावर आहे. खाच उथळ झाली की हे जमत नाही. म्हणूनच नॉर्वेत हिवाळ्यात निदान ३ मिलिमीटर खोल नक्षी असावीच लागते, उन्हाळ्यात १.६ चालते.

भुसभुशीत बर्फाशी एक वेळ जमतं. खरा वैरी म्हणजे गोठून टणक, गुळगुळीत झालेला बर्फ. त्याच्या पृष्ठभागावरचे रेणू आतल्यांइतके घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे वर पाण्यासारखा एक अगदी पातळ निसरडा थर असतो. थंडी जितकी कमी तितका हा थर वाढतो, म्हणून कडाक्याच्या थंडीपेक्षा शून्य अंशाजवळचा ओलसर बर्फ जास्त दगाबाज. त्यावर दोन तोडगे आहेत. एक, रबरात सूक्ष्म छिद्रं ठेवायची म्हणजे ती ते पाणी टिपून घेतात. दुसरा, टायरला सरळ खिळेच मारायचे! अतिशय कठीण धातूच्या टोकांचे हे छोटे खिळे बर्फात रुततात. पण बर्फ नसला की तेच खिळे डांबर खरवडतात, कडकड आवाज करतात आणि हवेत धूळ उडवतात. या धुळीपायी ओस्लोत खिळेवाल्या टायरसाठी वेगळे पैसे भरावे लागतात. जपानने तर १९९० साली कायदा करून असे टायर जवळजवळ बंदच केले. तुम्ही शहरात राहत असाल आणि रस्ते रोज साफ होत असतील तर बिनखिळ्याचे बरे. उत्तरेकडे, ट्रॉम्सोसारख्या गावाबाहेर घाटात राहत असाल तर खिळे हवेत. माझं मत विचाराल तर धूळ खाण्यापेक्षा हळू चालवलेलं चांगलं. पण मी पुस्तकं वाचून बोलतो, त्या घाटात राहणारा माणूस मला हसेल.

टायर खरंच हिवाळी आहे का, हे त्याच्या कुशीवर कळतं. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचं फूल असं चित्र असलं, तर तो बर्फावरच्या परीक्षेत पास झालेला.

विजेच्या गाडीसाठी निवडताना आणखी दोन-तीन गोष्टी बघतात. बॅटरीमुळे ही गाडी तेवढ्याच पेट्रोल गाडीपेक्षा काहीशे किलोंनी जड असते, म्हणून जास्त वजन पेलणारा टायर लागतो. इंजिनाची घरघर नसल्यामुळे टायरचाच आवाज कानात बसतो, म्हणून काही टायरांत आतून स्पंज चिकटवलेला असतो. आणि मोठा पेच हा, की मऊ टायर रस्त्याला छान धरतो खरा, पण फिरताना जास्त वीज खातो. आधीच थंडीत बॅटरी सुस्त, त्यात आतली हीटरची ऊब त्याच बॅटरीतून. नॉर्वेतली वाहनचालकांची संघटना दर हिवाळ्यात विजेच्या गाड्या घेऊन निघते आणि त्या रस्त्यात थांबेपर्यंत चालवते! कंपनीने सांगितलेलं अंतर तेव्हा बहुतेक गाड्यांना गाठता येत नाही. तरी माझ्या मते हे गणित अवघड नाही. चार्जिंगला एकदा जास्त थांबावं लागलं तर कॉफी पिता येते. घसरून खड्ड्यात गेलं तर कॉफीसुद्धा नाही.

आता एक कोडं. विजेची गाडी जड. जड म्हणजे बर्फावर जास्त दाब, म्हणजे जास्त पकड. मग ती लवकर थांबायला हवी की नको?

विचार करा. पकड वाढते, हे बरोबर. पण जड गाडीला थांबवायला जोरही तेवढाच जास्त लागतो. दुप्पट वजन, दुप्पट पकड, दुप्पट जोर. हिशेब कटून जातो! तासाला ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक मारल्यावर साधारण १२ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर ३३ मीटर घेते आणि गुळगुळीत बर्फावर जवळजवळ १०० मीटर. त्यात चालकाचा दचकण्याचा वेळ धरलेला नाही. वजन या गणितात येतच नाही. येतो फक्त टायर आणि रस्ता. चारही चाकांना मोटरची ताकद देणारी गाडी बर्फातून झोकात निघते खरी, पण थांबताना तिला त्याचा फायदा शून्य. शेखी मिरवणारे नेमके इथेच फसतात.

चालवण्यातही एक खुबी आहे. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर उलट जनित्र बनते, बॅटरीत थोडी वीज परत भरते आणि गाडी हळू होते. एरवी झकास सोय. पण मोटर फक्त मागच्या चाकांना असेल, तर ही ओढ मागच्या चाकांवरच येते, आणि गुळगुळीत वळणावर गाडीची शेपटी बाहेर जाऊ शकते. गाडीचा संगणक सेकंदाच्या छोट्याशा भागात ओढ सैल करतो, शिवाय बऱ्याच गाड्यांत ती आधीच कमी करून ठेवता येते. याची उलट बाजूही आहे. गारठलेली बॅटरी वीज परत घ्यायला कुरकुरते, त्यामुळे सकाळी पाय उचलला तरी गाडी रोजच्यासारखी हळू होत नाही आणि चालकाची तारांबळ उडते. म्हणून तिथले लोक गाडी प्लगला लावलेली असतानाच आधी गरम करून घेतात, मग निघतात. आणि हवा वरचेवर तपासतात, कारण तापमान १० अंश उतरलं की टायरमधला दाब दीड-दोन पीएसआय कमी होतो. टायर पंक्चर नसतो, आतली हवाच आखडलेली असते.

आपल्याकडे काय? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, तेवढीच आपली मजल. नागपूर, नाशिकला थंडी पडते, पण दुपारी रस्ता तापतोच. हिवाळी टायर इथे लावले तर त्या उन्हात ते पटापट झिजतील. हिमाचल, लडाखच्या बर्फात टॅक्सीवाले चाकांना साखळ्या बांधतात, हा आणखी तिसरा उपाय.

तुम्हाला मात्र घरबसल्या एक गोष्ट करून बघता येईल. फ्रीजरमध्ये साधारण उणे १८ अंश तापमान असतं, नॉर्वेतल्या चांगल्या थंडीइतकं. एका पिशवीत साधा रबर बँड आणि शाळेतला पांढरा खोडरबर घालून रात्रभर आत ठेवा. सकाळी बाहेर काढल्या काढल्या दोन्ही वाकवून बघा. बरेच पांढरे खोडरबर नावालाच रबर असतात, ते मऊ केलेल्या प्लॅस्टिकचे असतात. कोण कडक झालं आणि कोण अजून ताणलं जातंय, ते वहीत लिहा. दोन मिनिटांनी पुन्हा बघा. आणि हो, पिशवीवर मोठ्या अक्षरात "खाऊ नये" असं लिहायला विसरू नका. घरात रात्री गुपचूप कुल्फी शोधणारे आजोबा असतील, तर दोन्ही बाजूंनी लिहा.