कुरकुंभ : बाटलीतलं पाणी आणि कायदा

पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या कुरकुंभ (ता. दौंड) औद्योगिक वसाहतीत भरणा रसायन कारखान्यांचा. साहजिकच कुरकुंभ-पांढरेवाडीकरांची तक्रार जुनी : विहिरी-बोअरचं पाणी बिघडलं, रात्री उग्र वासाने डोळे चुरचुरतात. ऑगस्ट २०१९मध्ये एका कारखान्याला रात्री आग लागली, तेव्हा लोक घरदार सोडून बाहेर पडले.

निवेदनं, आंदोलनं होतात. घोडं अडतं पुराव्यापाशी. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१नुसार सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, कारखान्याला तिथल्या तिथे नोटीस देऊन घ्यायचा असतो. कारखान्याने मागणी केली, तर त्याचे दोन भाग करून सीलबंद करायचे, वर दोघांच्या सह्या. गावकऱ्याने ओढ्यातून भरून आणलेली लालसर पाण्याची बाटली बातमीला फोटो देते, खटल्याला आधार नाही. त्यात वास येणार रात्री दोनला आणि पंचनामा होणार दुसऱ्या दिवशी दुपारी! म्हणून तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा टिपलेली साधी वहीसुद्धा कामाला येते.

फारसं कुणी न वापरलेलं हत्यार म्हणजे कलम २५(६). कोणत्या कारखान्याला कोणत्या अटींवर सांडपाणी सोडायला संमती दिली, याची नोंदवही बाधित व्यक्तीला पाहता येते. मंडळ हललं नाही, तर ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः तक्रार दाखल करू शकतो. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय खंडपीठ तर पुण्यातच आहे. तिथे मुदत मात्र पाळावी लागते : पर्यावरणाच्या वादासाठी सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षं.